पाण्यात कार्बन असतो का? नववीच्या प्रकल्पाच्या नोंदी

२८ नोव्हेंबर २०२३, मंगळवार

दिवाळीच्या सुट्टीनंतर आज वर्ग पहिल्यांदा पूर्ण भरला. कार्बनचा धडा काढला. हिरा, ग्रॅफाइट, कोळसा एवढं फळ्यावर झालं आणि तिसऱ्या बाकावरून हात वर आला. "बाई, पाण्यात कार्बन असतो का?"

"नसतो, एचटूओ," म्हणून मी पुढे जाणार होते. पण तिचं बोलणं संपलं नव्हतं. सोड्याच्या बाटलीवर 'कार्बोनेटेड वॉटर' असं छापलेलं असतं. मामाच्या घरी फिल्टर आहे, त्यात 'कार्बन'ची नळी बसवतात. आणि सजीवांचं शरीर कार्बनच्या संयुगांचं असतं हे मीच मागच्या तासाला सांगितलं होतं. मग पाण्याला जीवन म्हणतात ते का? जीवन आहे तर त्यात कार्बन हवा, आणि कार्बन आहे तर पाणी सेंद्रिय हवं.

नववीतली मुलगी एवढी साखळी लावते, तर तिच्या हातात नुसतं सूत्र ठेवून भागणार नाही. सूत्र म्हणजे कुणीतरी आधी तपासून लिहून ठेवलेलं उत्तर. तिला तपासणी हवी आहे. वर्गात हात वर करायला लावले. ४१ पैकी १७ जणांच्या मते पाण्यात कार्बन असतो, आणि त्या १७ जणांत माझी चांगली हुशार मुलं होती.

तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन २१ डिसेंबरला आहे. यंदा प्रकल्प हाच. गटात तिघं: ही प्रश्न विचारणारी, एक चष्मेवाला, आणि ज्याच्या वडिलांचं खताचं दुकान आहे तो. नोंदीत मी त्यांना प्रश्नवाली, चष्मेवाला आणि दुकानवाला असंच लिहीन.

३० नोव्हेंबर, गुरुवार

मधल्या सुट्टीत चौघंही डबे उघडून बसलो. सुरुवात प्रयोगाने करायची नाही, आधी 'असतो' म्हणजे काय ते ठरवू, असं मी म्हटलं. दुकानवाल्याच्या डब्यात तीळ लावलेली बाजरीची भाकरी होती. तिलाच विषय केला.

भाकरीत बाजरी आहे का? आहे. तीळ आहेत का? आहेत. दोन्ही 'आहे' सारखेच का?

चष्मेवाल्याने नखाने चार तीळ खरवडून काढले. "तीळ काढले तरी भाकरी राहते. बाजरी काढली तर भाकरीच राहत नाही."

यापेक्षा चांगलं मला सांगता आलं नसतं. पाण्याच्या रेणूत कार्बन असेल तर तो पिठातला. पाण्यात विरघळलेल्या कशात तरी असेल तर तो तिळातला. आता प्रश्न दोन झाले आणि दोन्ही वेगवेगळे तपासायचे. वहीत मुलांनी तसंच लिहिलंय: 'पिठातला कार्बन' आणि 'तिळातला कार्बन'. पुढच्या सगळ्या नोंदींत हेच शब्द वापरायचे ठरलं.

पाण्याचे नमुने: शाळेचं बोअर, गावची विहीर, सोड्याची बाटली, मामाच्या फिल्टरचं पाणी, आणि गॅरेजमधून आणलेलं बॅटरीचं डिस्टिल्ड वॉटर.

२ डिसेंबर, शनिवार

सकाळची शाळा. दुपारी दोनपर्यंत प्रयोगशाळा आमचीच.

निवळी प्रश्नवालीच्या आजीच्या पानाच्या चुन्याची. चमचाभर चुना बाटलीभर डिस्टिल्ड पाण्यात हलवून, बूच घट्ट लावून रात्रभर ठेवला होता. आज वरचं स्वच्छ पाणी कापसातून गाळून घेतलं. कार्बन डायऑक्साइड मिळाला की या निवळीत चुनखडीचे बारीक कण धरतात आणि ती दुधाळ होते. तिळातला कार्बन शोधायला गावात यापेक्षा स्वस्त साधन नाही.

सोड्याच्या बुचाला भोक पाडून सलाईनची नळी बसवली, एमसीलने बंद केली, नळीचं दुसरं टोक निवळीत. बाटली हलवली. दहा-बारा बुडबुडे आले असतील नसतील, निवळी पांढरी झाली. मुलं खूश. मी म्हटलं, थांबू नका, गॅस चालू द्या. मिनिटभरात पांढरेपणा विरळ होऊ लागला आणि हळूहळू निवळी पुन्हा पहिल्यासारखी नितळ.

तिघंही गप्प. दुकानवाल्याला वाटलं काहीतरी चुकलं. काहीच चुकलं नव्हतं. जास्तीचा कार्बन डायऑक्साइड मिळाला की न विरघळणाऱ्या चुनखडीचं विरघळणारं कॅल्शियम बायकार्बोनेट होतं. तीच परीक्षानळी स्पिरिटच्या दिव्यावर धरली. उकळी फुटली आणि पांढरं परत आलं.

"बाई, हे आमच्या बंबासारखं आहे," प्रश्नवाली म्हणाली.

अगदी बरोबर. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन खाली मुरतं, वाटेत कॅल्शियम-मॅग्नेशियम उचलतं आणि बायकार्बोनेट होऊन बोअरमध्ये येतं. दिसायला नितळ. तापवलं की बायकार्बोनेट मोडतं, गॅस निघून जातो, आणि चुनखडी बंबाच्या आतून, पातेल्याच्या बुडाशी चिकटते. आमच्या माण तालुक्यात हे कुणाला दाखवावं लागत नाही. हीच ती क्षाराची खपली, जी दर दोन-तीन महिन्यांनी घासावी लागते. पण तिच्यात कार्बन आहे हे मुलांनी कधी मनात आणलं नव्हतं.

प्रश्नवाली धावत घरी गेली आणि कागदात खपली घेऊन आली. नखाएवढा तुकडा, एका बाजूला तांब्याचा हिरवट डाग, दुसरीकडे कांद्यासारखे पापुद्रे. त्यावर लिंबू पिळलं. फसफसलं. तो गॅस निवळीत सोडला, निवळी दुधाळ.

बाकीचे निकाल: बोअर आणि विहिरीच्या पाण्यात निवळी थेट ओतली तर लगेच गढूळ. (मॅग्नेशियमही निवळीत साका धरतं, म्हणून एवढ्यावरून निकाल द्यायचा नाही. खपलीचा प्रयोग म्हणूनच हवा.) उकळून गार केलेल्या डिस्टिल्ड पाण्यात निवळी नितळच राहिली, आणि त्याचा थेंब काचेवर वाळवला तर डागही नाही.

मामाच्या फिल्टरचा उलगडाही आज झाला. त्यातला कार्बन म्हणजे खास प्रक्रिया केलेला कोळसा, बहुतेक वेळा नारळाच्या करवंटीचा. क्लोरीन, वास आणि काही सेंद्रिय अशुद्धी तो आपल्या पृष्ठभागावर धरून ठेवतो. तो पाण्यात कार्बन घालायला बसवलेला नसतो, पाण्यातल्या नको त्या गोष्टी अडवायला बसवलेला असतो.

तिळातला कार्बन: सापडला. पाणी कुठलं, यावर तो किती ते ठरतं.

५ डिसेंबर, मंगळवार

आजचा विषय दुसरं टोक. कार्बन असलेला पदार्थ ओळखायचा कसा? चष्मेवाल्याचं म्हणणं, जाळून बघायचं. काळं झालं की कार्बन. कोळसा, लाकूड, भाकरी, सगळं काळं होतं. तपासायला घेतलं: साखर, ज्वारीचं पीठ, मीठ, तुरटी, खायचा सोडा, स्पिरिट, युरिया.

साखरेपाशी आम्ही सगळ्यात जास्त थांबलो. कोरड्या परीक्षानळीत अर्धा चमचा साखर, मंद आच. आधी कडा ओलसर दिसू लागल्या, मग सोनेरी पाक, मग तपकिरी, आणि घरातल्या कढईत पाक करपतो तेव्हाचा वास. मग एकदम फुगून काळा, भोकाभोकांचा कोळसा वर चढला. पण बघण्यासारखं खरं नळीच्या तोंडाशी होतं. तिथे थंड काचेवर आतून बारीक थेंब जमले होते, श्रावणात खिडकीवर जमतात तसे.

"नळी ओली होती का?" नव्हती. दुसऱ्या कोरड्या नळीत पुन्हा केलं. पुन्हा थेंब.

मी फळ्यावर 'कर्बोदक' लिहिलं आणि मधे रेघ मारली: कर्ब, उदक. हा शब्द मुलं पाचवीपासून घोकतात, तो असा उघडून मीही त्यांना कधी दाखवला नव्हता याचं वाईट वाटलं. साखरेच्या रेणूत १२ कार्बन, २२ हायड्रोजन, ११ ऑक्सिजन. हायड्रोजन आणि ऑक्सिजन पाण्याच्याच प्रमाणात, दोनास एक. म्हणजे हिशोबाला १२ कार्बन आणि ११ पाणी. साखरेत पाणी पाणी म्हणून बसलेलं नसतं. तापवल्यावर रेणू मोडतो, हायड्रोजन-ऑक्सिजन एकत्र येऊन वाफ होऊन जातात आणि कार्बन मागे राहतो. वजनाने साखरेत सुमारे ४२ टक्के कार्बन असतो, आणि तो पांढऱ्याशुभ्र दाण्यात कुठेही दिसत नाही.

पीठ काळं झालं. मीठ तडतडलं, पांढरंच राहिलं. तुरटी फुगली, पांढरीच. इथपर्यंत चष्मेवाल्याचा नियम टिकला.

मग खायचा सोडा. तापवला तर पांढराच राहिला, पण त्याचा गॅस निवळीत सोडला तर दुधाळ. कार्बन आहे, काळं नाही. स्पिरिट बशीत पेटवलं, निळसर ज्योतीने सगळं जळून गेलं, बशी स्वच्छ. कार्बन आहे, काळं नाही. युरिया चिमूटभर, खिडकीपाशी: आधी पाण्यासारखा वितळला, मग अमोनियाचा झणझणीत वास आला, तिथेच थांबवलं. मागे पांढरंच काहीतरी राहिलं. युरियात कार्बन असतो, हे पोत्यावर लिहिलेलं नसलं तरी.

म्हणजे काळा कोळसा मागे राहिला तर कार्बन आहे म्हणता येतं, पण काळं झालं नाही म्हणून कार्बन नाही असं म्हणता येत नाही. चष्मेवाल्याने आपला नियम स्वतःच खोडला आणि खाली दुसरा लिहिला. हे मला फार आवडलं.

८ डिसेंबर, शुक्रवार

पाणी फोडून बघायचं. जुन्या मोबाइल चार्जरची ५ व्होल्टची वायर, दोन्ही टोकांना सोललेल्या पेन्सिलींची शिसं, डिस्टिल्ड पाणी. शुद्ध पाण्यातून वीज नीट जात नाही म्हणून मुलांनी घरून आणलेला धुण्याचा सोडा चमचाभर घातला. दोन शिशांवर दोन परीक्षानळ्या पालथ्या.

अर्ध्या तासाने पाण्यात काळे कण तरंगू लागले. एका पेन्सिलीखाली काळी धूळ साचली. दुकानवाला ओरडत वर्गाबाहेर गेला, "निघाला! पाण्यातून कार्बन निघाला!" पाच मिनिटांत निम्मा वर्ग टेबलाभोवती.

मी काहीच बोलले नाही. घरी जाताना एवढंच सांगितलं: पाण्याच्या भांड्यात कार्बन येईल अशा वाटा किती होत्या, ते रात्री लिहून काढा.

११ डिसेंबर, सोमवार

प्रश्नवालीची यादी. एक, पाणी. दोन, पेन्सिलचं शिसं, कारण ते शिसं नसून ग्रॅफाइट आहे आणि ग्रॅफाइट म्हणजे कार्बन. तीन, धुण्याचा सोडा, कारण तो सोडियम कार्बोनेट आहे. तिसरी वाट तिने पुस्तकातलं सूत्र बघून शोधली. शुक्रवारी सोडा घालताना मी तिथेच उभी होते, मला रोखायला हवं होतं.

पाण्यात कार्बन आहे का हे बघायला निघालो आणि दोन बाजूंनी आपणच कार्बन आत घातला.

आज धुण्याच्या सोड्याऐवजी प्रयोगशाळेतलं सोडियम सल्फेट. पेन्सिली त्याच. काळे कण पुन्हा आले, आणि ते फक्त धन टोकाच्या पेन्सिलीपाशी. ऋण टोकाकडे २० मिलि हायड्रोजन जमला तेव्हा धन टोकाकडे ८ मिलिच गॅस होता, १० हवा होता. तो ८ मिलि निवळीबरोबर हलवला, निवळी फिकट पांढुरकी. सुटणाऱ्या ऑक्सिजनपैकी काही भाग ग्रॅफाइटच खातो, त्याचा कार्बन डायऑक्साइड होतो, आणि झिजलेलं ग्रॅफाइट धूळ होऊन गळतं.

१८०० साली इंग्लंडमध्ये निकल्सन आणि कार्लाइल यांनी व्होल्टाच्या नव्या विजेच्या राशीने, म्हणजे त्या काळच्या बॅटरीने, पाणी फोडलं, तेव्हा आधी पितळेच्या तारा घेतल्या होत्या. एकीकडे हायड्रोजन आला, दुसरीकडे ऑक्सिजन बाहेर येण्याऐवजी पितळच गंजलं. प्लॅटिनमच्या तारा लावल्यावर दोन्ही वायू दिसले. सव्वादोनशे वर्षांपूर्वीची अडचण आमच्या टेबलावर तशीच्या तशी. मुलांना हे सांगितलं तेव्हा चष्मेवाला म्हणाला, "मग आपल्यालाही प्लॅटिनम लागणार." शाळेत प्लॅटिनम कुठून असणार. तालुक्याच्या कॉलेजात फोन केला.

१४ डिसेंबर, गुरुवार

कॉलेजच्या रसायनशास्त्र विभागाने हॉफमनचं उपकरण दोन तास वापरायला दिलं. काचेच्या दोन उभ्या नळ्या, तळाशी नखाएवढे प्लॅटिनमचे पत्रे. ताजं डिस्टिल्ड पाणी, त्यात तिथल्या सरांनी स्वतः थोडं विरल सल्फ्युरिक आम्ल घातलं. त्यात कार्बन नाही हे प्रश्नवालीने आधी विचारून घेतलं.

हायड्रोजन ३० मिलि, ऑक्सिजन १४.५. काळा कण एकही नाही. ऑक्सिजनच्या बाजूचा वायू निवळीत सोडला, निवळी नितळ. तो वायू धुमसत्या उदबत्तीवर धरला तर उदबत्ती भपकन पेटली. हायड्रोजन काडीने पेटवला, 'फट्' झालं, आणि परीक्षानळीच्या आत धुकं धरलं.

ते धुकं बघायला तिघं नळीवर नाक टेकून उभे होते. पाणी फोडलं, दोन वायू झाले, एक वायू जळाला, पुन्हा पाणी. या सगळ्या फेऱ्यात कार्बनला कुठे जागाच मिळाली नाही. लव्हाझिये या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १७८३ मध्ये पाणी हे मूलद्रव्य नाही असं दाखवलं आणि पुढे हायड्रोजनला नाव दिलं ते 'पाणी निर्माण करणारा' याच अर्थाचं.

पिठातला कार्बन: नाही. वहीत तिघांनी सह्या करून तारीख घातली.

१६ डिसेंबर, शनिवार

दुकानवाल्याचे वडील शाळेत आले. रागावलेले नव्हते, पण गोंधळलेले होते. "मॅडम, सेंद्रिय शेतीवाले युरियाला हात लावत नाहीत. आणि पोरगं घरी सांगतंय, युरिया सेंद्रिय आहे. गिऱ्हाइकासमोर म्हणाला."

त्यांना बसवलं, चहा मागवला. मुलगा खरं तेच बोलला होता, पण त्याने एक शब्द दुसऱ्याच दुकानात नेला होता.

'सेंद्रिय' म्हणजे स-इंद्रिय, ज्याला इंद्रियं आहेत ते. युरोपातही 'ऑरगॅनिक' शब्द 'ऑर्गन'वरूनच आला. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बर्झेलियससारख्या मोठ्या रसायनशास्त्रज्ञांची समजूत अशी की साखर, तेल, मूत्रातला युरिया हे पदार्थ फक्त सजीवांच्या शरीरातच होतात, त्यासाठी एक 'जीवनशक्ती' लागते. १८२८ मध्ये वोलर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने सिल्व्हर सायनेट आणि अमोनियम क्लोराइड घेतलं. त्याला अमोनियम सायनेट हवं होतं. हाती पांढरे स्फटिक आले, ते युरियाचे. त्याने बर्झेलियसला पत्र लिहून कळवलं की मूत्रपिंडाशिवाय मी युरिया करू शकतो. जीवनशक्तीची कल्पना त्या एका पत्राने संपली नाही; १८४५ मध्ये कोल्बेने निर्जीव पदार्थांपासून अ‍ॅसिटिक आम्ल केलं, आणखी कितीतरी जणांनी भर घातली, तेव्हा ती हळूहळू मागे पडली. पण शब्द मागे राहिला. इंद्रियांशी असलेलं नातं तुटलं आणि रसायनशास्त्रात 'सेंद्रिय' म्हणजे कार्बनची संयुगं असा अर्थ बसला.

वडिलांनी विचारलं, "मग ह्या पोत्यातला युरिया मुताचा नाही?" नाही. कारखान्यात अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड दाबाखाली एकत्र आणून होतो; आपल्याकडे अलिबागजवळ थळला असा कारखाना आहे. सजीवातला रेणू आणि पोत्यातला रेणू यात फरक काही नाही. पोत्यावर ४६ टक्के नायट्रोजन लिहिलेलं असतं. मुलाने त्यांच्यासमोर हिशोब केला: रेणूभार ६०, त्यात कार्बन १२, म्हणजे पाचवा हिस्सा. ४५ किलोच्या पोत्यात साधारण ९ किलो कार्बन.

"आणि सेंद्रिय शेतीतलं सेंद्रिय?" ते पिकवण्याच्या पद्धतीचं नाव आहे. कारखान्यातली खतं आणि औषधं न वापरता पिकवलेलं. तिथे युरिया बसत नाही हे त्यांचं म्हणणं पूर्ण बरोबर, आणि रसायनशास्त्रात तो बसतो हे मुलाचंही.

मग त्यांनीच एक गोष्ट सांगितली जी माझ्या डोक्यात नव्हती. माती परीक्षणाच्या अहवालात 'सेंद्रिय कर्ब' वेगळा असतो आणि 'मुक्त चुनखडी' वेगळी. ते दोन्ही रकाने ते शेतकऱ्यांना रोज वाचून दाखवतात. चुनखडीतही कार्बन आहे, मग दोन रकाने का?

याचं उत्तर सुंदर आहे. सेंद्रिय कर्ब मोजताना मातीवर डायक्रोमेट आणि सल्फ्युरिक आम्ल घालतात. कुजलेला पाला, मुळं, शेणखत यांतल्या कार्बनचं ऑक्सिडीकरण होतं, त्यावरून तो मोजतात. चुनखडीतल्या कार्बनला ऑक्सिजन आधीच पुरेपूर मिळालेला असतो, त्याचं आणखी ऑक्सिडीकरण होत नाही, तो या मापात येत नाही. एकाच मुठीतल्या मातीत दोन प्रकारचा कार्बन, एक अजून 'जळू' शकणारा, एक जळून बसलेला.

चष्मेवाल्याने लगेच पकडलं: युरियातला कार्बनही पुरता ऑक्सिडीकृत आहे, मग तो चुनखडीच्या रकान्यात जायला हवा. खरं आहे. सोमवारसाठी वाद तयार.

१८ डिसेंबर, सोमवार

वाद दीड तास चालला. 'सेंद्रिय'ची व्याख्या तिघांनी मांडायची आणि बाकीच्यांनी मोडायची.

"सजीवांत तयार होतं ते सेंद्रिय." शिंपला आणि अंड्याचं कवच सजीवच करतात, दोन्ही कॅल्शियम कार्बोनेट, दोन्ही असेंद्रिय. मोडली.

"कार्बन आहे ते सेंद्रिय." मग कार्बन डायऑक्साइड, खायचा सोडा, चुनखडी, सायनाइड? ही सगळी असेंद्रियातच धरतात. मोडली.

"जळतं ते." कार्बन मोनॉक्साइड निळ्या ज्योतीने जळतो आणि असेंद्रिय मानतात. कार्बन टेट्राक्लोराइड सेंद्रिय, आणि एकेकाळी आग विझवायला वापरत. मोडली.

"ज्यात कार्बनला हायड्रोजन जोडलाय ते." ही सगळ्यात जास्त टिकली. मिथेन, साखर, तेल, स्पिरिट सगळं बसलं. मग मी युरिया ठेवला: त्यातले चारही हायड्रोजन नायट्रोजनला जोडलेले. चुक्याच्या आंबटपणातलं ऑक्झॅलिक आम्ल: त्यातले हायड्रोजन ऑक्सिजनला. न चिकटणाऱ्या तव्यावरचं टेफ्लॉन: त्यात हायड्रोजनच नाही, सगळीकडे फ्लोरीन. तिन्ही सेंद्रिय धरतात. मोडली.

दुकानवाला वैतागला. "मग खरं काय, बाई?"

खरं हे की ही रेघ निसर्गाने आखलेली नाही. अभ्यासाच्या सोयीसाठी माणसांनी ती आखली, आणि आखताना जुन्या सवयी सोबत आल्या. कार्बनची बहुतेक संयुगं सेंद्रिय. ऑक्साइडं, कार्बोनेटं, सायनाइडं, कार्बाइडं अशी थोडी पूर्वीपासून पलीकडे ठेवलेली. आणि सीमेवर काही बसलेली. पाण्यात कार्बन आहे का, हा प्रश्न या जातीचा नाही. तिथे प्लॅटिनमने उत्तर दिलं आणि ते कुणाच्या सोयीने बदलत नाही. मला या प्रकल्पातून मुलांपर्यंत एवढा फरक पोचवायचा आहे, प्रदर्शनात नंबर आला काय, नाही काय.

तक्त्यावर तीन भाग करायचे ठरलं: सेंद्रिय, असेंद्रिय, सीमेवरचे. पाणी असेंद्रियात, ठळक अक्षरांत.

१९ डिसेंबर, मंगळवार

रेणूंच्या प्रतिकृती. बाजारातले प्लास्टिकचे संच महाग. चष्मेवाल्याने ज्वारीची वाळलेली ताटं आणली, सोलून पांढऱ्या गराचे तुकडे केले. बंधांसाठी बाभळीचे काटे. कार्बनचा तुकडा काजळीने काळा, ऑक्सिजन कुंकवाने लाल, हायड्रोजन पांढरा. नियम: काळ्याला चार काटे, लालला दोन, पांढऱ्याला एक. एकही काटा मोकळा राहायला नको.

प्रश्नवालीने पाणी केलं. लाल तुकडा, दोन काटे, दोन पांढरे. ती ते हातात फिरवत बसली. मग म्हणाली, "बाई, ह्याला काळा लावायचा कुठे? दोन्ही काटे भरले."

"एक पांढरा काढून बघ."

तिने एक पांढरा उपसला, त्या काट्यावर काळा खुपसला. काळ्याचे तीन काटे उघडे राहिले. त्यांना तीन पांढरे लावले. आता सगळे काटे झाकले.

"हे काय झालं?"

मिथेनॉल. ज्याच्या विषाने माणसं आंधळी होतात, मरतात, ते विषारी स्पिरिट. नळाला येतं ते पाणी आणि हे, यांच्यात एक काळा तुकडा आणि दोन जास्तीचे पांढरे एवढाच फरक. तिने पुन्हा काळा काढला, पांढरा लावला, पाणी झालं. पुन्हा काळा लावला. असं चार-पाच वेळा. पाण्यात कार्बन का नाही हे प्लॅटिनमच्या प्रयोगानंतर तिला ठाऊक होतं. कार्बन घातला तर ते पाणीच का राहत नाही, हे तिने आज बोटांनी पाहिलं.

दुकानवाल्याने युरिया केला. काळ्याचे दोन काटे एकाच लालला, उरलेले दोन हळदीने पिवळ्या केलेल्या नायट्रोजनला. आठ अणू. वोलरच्या अमोनियम सायनेटमध्येही हेच आठ.

२१ डिसेंबर, गुरुवार

प्रदर्शन. सकाळी आठला टेम्पोतून सामान. बंबाची खपली, निवळी, सोडा, भाकरी (ताजी, तीळ लावलेली, प्रश्नवालीच्या आजीने पहाटे थापलेली), ताटांचे रेणू, तक्ता.

परीक्षकांनी विचारलं, "पाण्यात कार्बन असतो का? एका शब्दात सांग."

प्रश्नवाली म्हणाली, "पाण्याच्या रेणूत नाही, सर. बोअरच्या पाण्यात आहे." आणि भाकरी पुढे केली.

एका परीक्षकांनी ऐकून घेतलं, खपली हातात घेऊन पापुद्रे मोजले. दुसऱ्यांना 'सीमेवरचे' हा भाग पटला नाही. मुलांचा गोंधळ होतो, परीक्षेत असं लिहून चालत नाही, म्हणाले. चष्मेवाल्याने टेफ्लॉनचं उदाहरण नीट, आवाज न चढवता सांगितलं. त्यांना पटलं नसावं. नंबर आला नाही. परतताना टेम्पोत तिघं त्या भागाबद्दलच बोलत होती. काढून टाकायला हवा होता, असं एकही म्हणालं नाही.

२२ डिसेंबर, शुक्रवार

वर्गात पुन्हा हात वर करायला लावणार होते. मग लक्षात आलं, पहिल्या दिवशीचा प्रश्नच मी अर्धा विचारला होता. आज दोनदा विचारला. पाण्याच्या रेणूत? दोन हात. आपल्या बोअरच्या पाण्यात? जवळजवळ सगळे. त्या दोन हातांना प्रश्नवालीने ताटांचं पाणी दिलं आणि काळा तुकडा लावून दाखवा म्हणाली.

कॉलेजला आभाराचं पत्र पाठवायचं आहे. उरलेली निवळी हवेने पांढरी साय धरू लागली आहे, ओतून द्यायची. ताटांच्या गराला उंदीर लागतात, रेणू पत्र्याच्या डब्यात हलवले.